मुशीला काटा नसतो

लोकांनी मासे खावेत म्हणून सरकार मला पगार देत असे. हे सांगितलं की ऐकणारे हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसत आलो आहे. पण खरंच तसं होतं. स्वातंत्र्य येऊन दोन-चार वर्षं झाली होती. रेशनवर मिलो नावाची परदेशी ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. तांदूळ कमी आणि तोही किडका. जमिनीवर अन्न नाही आणि शेजारी समुद्र भरलेला आहे, तर लोक मासे का खात नाहीत, असा प्रश्न वरच्या कोणाला तरी पडला आणि आमच्या खात्यात एक लहानसा विभाग निघाला. त्यात एक साहेब, एक शिपाई आणि मी. माझ्या हुद्द्याचं नाव प्रचारक. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि आजूबाजूची गावं आमच्याकडे होती. वस्त्यांत जायचं, बायका जमवायच्या, स्टोव्ह पेटवून मासे शिजवून दाखवायचे, सगळ्यांना एकेक बशी द्यायची, आणि जे खात नाहीत ते का खात नाहीत हे लिहून आणायचं.

माझं घर डोंबिवलीला, दोन खोल्यांचं. आम्ही मूळचे कोकणातले. मालक शाकाहारी होते. खोल्या देताना त्यांनी जरा अवघडून विचारलं होतं, "तुम्ही तिकडचे, म्हणजे तुमच्याकडे ते सगळं चालत असेल ना?"

मी म्हटलं, "आई विधवा आहे. बहीण आहे, तीही विधवा आहे."

एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांनी किल्ली काढून दिली. मी स्वतःबद्दल काही बोललो नाही.

आमच्या जातीत नवरा गेला की बाई मासे सोडते. कोणी तिला तसं सांगत नाही. वडील गेले तेव्हा आई तिशीची होती, मी नऊ वर्षांचा आणि बहीण सात वर्षांची. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की पूर्वी आई आमच्याबरोबर मासा खायची, आणि नंतर आमच्यासाठी चुलीवर बांगडे भाजून स्वतः ताकभात कालवायची. मला ते पावसाळा-उन्हाळ्यासारखं वाटत असे, की हे असंच असतं.

बहिणीचं लग्न अठराव्या वर्षी झालं. दोन वर्षांत तिचा नवरा विषमज्वरानं गेला आणि ती परत आमच्याकडे आली. तेरावा झाल्यानंतर काही दिवसांनी घरात पहिल्यांदा मासे आले. आईनं तीन पानं वाढली. माझ्या पानात कालवण. तिच्या स्वतःच्या पानात आणि बहिणीच्या पानात वरण. बहिणीनं पानाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई मीठ वाढत होती. ती पुढच्या पानाकडे गेली. बस, तेवढंच झालं. ज्या मुलीला लहानपणी आम्ही मांजर म्हणून चिडवायचो, जी माशाचं डोकं कोणाला मिळू देत नसे, तिचं मासे खाणं अशा रीतीनं संपलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, नोकरी करत होतो, आणि मी भात कालवून खायला लागलो.

त्यानंतर रविवारचे मासे बहीणच करायची. खिडक्या लावून, दाराच्या फटीला पोतं टाकून. चाखून बघायची सोय नाही, म्हणून ती पातेल्यावर वाकून वास घ्यायची आणि वासावरून मिठाचा अंदाज करायची. मी एकटा जेवायचो. त्या दोघी दुसऱ्या खोलीत बसायच्या.

पुढे आमच्या विभागात स्वयंपाक करून दाखवायला एक बाई नेमल्या होत्या. त्या सहा महिन्यांत नोकरी सोडून गेल्या. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या माहितीत कोणी आहे का? मासे उत्तम करणारी, चार बायकांसमोर बोलू शकणारी, थोडं लिहितावाचता येणारी?"

मी बहिणीचं नाव सुचवलं. तिनं मराठी सातवी केली होती आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. आईला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती; सूप रिकामं होईपर्यंत निवडत राहिली. मग म्हणाली, "सरकारी काम आहे, भाऊ बरोबर आहे. जाऊ दे. हात लावायला हरकत नाही." आणि बहिणीकडे वळून म्हणाली, "हातालाच लावायचं हो, बाय."

बहीण त्या आठवड्यात किती बोलत होती! ती चोवीस वर्षांची होती आणि चार वर्षांत विहीर आणि देऊळ सोडून कुठे गेलेली नव्हती.

मासे आम्ही ठाण्याला चेंदणीच्या कोळीवाड्यातून घ्यायचो. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळणीशी माझं ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी मी बहिणीला बरोबर घेऊन गेलो तेव्हा म्हातारीनं तिच्याकडे खालून वर पाहिलं.

"ही कोन रं? बायको तुझी?"

"बहीण. आता हीच करून दाखवणार मासे."

म्हातारीची नजर बहिणीच्या मोकळ्या कपाळावर थांबली. "मंग बाय, तू खात नसशील."

"नाही," बहीण म्हणाली.

"आमच्यात तसा नाय. दादला मेला तं मेला. मावरा कुनी सोरला नाय." तिनं टोपलीतला एक पापलेट उलटा करून दाखवला. "बघ, कसा हाय. हात लाव."

बहिणीनं त्याच्या पोटावरून बोट फिरवलं, कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला. मला वाटलं तिला वाईट वाटत असेल. पण तिला ते काम येत होतं, आणि येणारं काम करताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा तिचा झाला होता.

दीड वर्ष आम्ही फिरलो. कोपरीला कारकुनांच्या बायका जमायच्या. त्या बोलायला मोकळ्या. म्हणायच्या, मासे आम्ही खातो, पण इथे नाही. भांड्यांना वास राहतो, शेजारीण पाणी भरायला आली की नाकाला पदर लावते. कोणी म्हणायची, सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थी आणि एकादशी, मग उरलं काय? कोणी म्हणायची, गावाला मासा दारात यायचा तेव्हा त्याची शेपटी हलत असायची, हा बर्फातला मासा कधीचा कोण जाणे.

मानपाड्याला गेलो तर लोक आम्हालाच हसले. तेव्हा ते शेतांमधलं खेडं होतं. एक आगरी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमाला मासं खायाला शिकवायला आलाव? अरं, मासं आना, आमी खातांव!" बहिणीनं केलेलं सगळं पातेलं त्यांनी पुसून खाल्लं. खाडीतला चांगला मासा टोपल्या भरून मुंबईला जातो, आम्हाला बारके निवटे आणि चिखल उरतो, असं ते सांगत होते. साहेबांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

कल्याणच्या छावणीतही गेलो. तिथे सिंधमधून आलेली माणसं लष्करी बराकींमध्ये राहत होती. एका म्हातारीनं बशी घेतली, वास घेतला आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, आमचा मासा नदी चढून वर यायचा. मग तिनं बशी खाली ठेवली. बहिणीनं तिला पुन्हा आग्रह केला नाही. मी केला. ती माझ्याकडे बघत राहिली.

साहेब सायन्सचे पदवीधर होते आणि मनानं चांगले होते. माशात प्रथिनं किती, कोणत्या माशाचं तेल कशाला उपयोगी, हे ते तळमळीनं सांगत. लोकांना एकदा कळलं की ते खातील, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी एक तक्ता छापून घेतला होता. वर लिहिलेलं, मासे न खाण्याचं कारण. खाली रकाने: वास, काटे, महागाई, धर्म, इतर. बहीण ते भरायची. एकदा कोपरीहून परतताना ती तक्ता मांडीवर घेऊन बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "नवरा मेला, हे कशात धरायचं? धर्मात की इतरमध्ये?"

मी दचकलो. "असं कोणी सांगितलं का आज?"

"नाही. विचारलं आपलं."

मी म्हटलं, साहेबांना विचारू. विचारलं नाही.

मग हिवाळ्यात कल्याणला एक कार्यक्रम झाला. काळ्या तलावाजवळ एका शाळेची वरच्या मजल्यावरची खोली मिळाली होती. तीसेक बायका आल्या होत्या, बहुतेक मासे खाणाऱ्या जातींतल्या. पण शहरात आल्यावर एकेक कारणानं त्यांचं खाणं कमी झालं होतं. त्यांना स्वस्त मासे दाखवायचे होते, म्हणून आम्ही मुशी, म्हणजे लहान शार्क, नेली होती. आमच्याकडे तिला मोरी म्हणतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम देतात. बहिणीनं मुशी उकळत्या पाण्यातून काढली, वरची खरखरीत साल खरवडून दाखवली, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण लावलं. सगळ्या खोलीत वास भरला. बायका पुढे सरकल्या.

पुढच्याच रांगेत एक लहान वयाची बाई होती. तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांचा मुलगा होता, पोट मोठं आणि पाय काठीसारखे, गुडघ्यात वाकलेले. ती म्हणाली, "डॉक्टरांनी याला मासा द्यायला सांगितलंय. सहा महिने झाले. पण माझा धीर होत नाही. माझ्या मामेबहिणीच्या मुलीच्या घशात काटा अडकला होता. ती गेली."

बहीण तिच्यासमोर खाली बसली. "हिला काटा नसतो. मुशीला काटा नसतोच. मधला कणा असतो, तो मऊ. हे बघा." तिनं एक तुकडा बोटांनी मोडून तिच्या तळहातावर ठेवला.

बाई त्या तुकड्याकडे बघत राहिली. "बोटाला लागत नाही ते घशाला लागतं," ती म्हणाली. "रागावू नका हं. तुम्ही खाऊन दाखवाल का? तुम्ही खाल्लात तर मी याला आत्ता इथेच भरवते."

बहिणीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. मी हो म्हणू शकत होतो. नको म्हणू शकत होतो. "मी खाऊन दाखवतो" असं म्हणून पुढे जाऊ शकत होतो, आणि तेच सगळ्यात सोपं होतं. हे मला त्या क्षणी सुचलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. सुचलं होतं. पण तीस बायकांसमोर जाऊन खाणं मला अवघड वाटलं आणि मी खाली पातेल्याकडे बघायला लागलो.

बहिणीनं बशी घेतली. तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला. गिळला. "बघा," ती म्हणाली, "काही नाही." मग तिनं दुसरा तुकडा घेतला. तो कोणी मागितला नव्हता. तो खाताना ती कोणाकडे बघत नव्हती. तिनं बोटाला लागलेला रस्साही चाटला.

ती बाई मुलाचं तोंड उघडायला लागली होती. तेवढ्यात तिच्यामागे बसलेल्या एका वयस्क बाईनं तिचा खांदा धरला.

"थांब," ती म्हणाली, आणि बहिणीला विचारलं, "बाई, तुमचे यजमान काय करतात?"

बहिणीनं पदराला हात पुसला. "ते नाहीत," ती म्हणाली.

"आणि तुम्ही हे खाता? तुमच्यात चालतं?"

बहिणीनं बशी खाली ठेवली.

"अहो, आमच्यातसुद्धा चालत नाही, आणि तुमच्यात चालत नाही हेही मला माहीत आहे," ती बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट तिला वाईट वाटत असावं. "हिचा नवरा फिरतीवर असतो हो. लेकरू आजारी. अशा हाताचं खाऊन कसं चालेल?"

त्या तरुण बाईनं बहिणीकडे पाहिलं. मग हातातला तुकडा बशीत परत ठेवला, मुलाला उचललं आणि उठली. तिच्यापाठोपाठ बाकीच्या उठल्या. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. जिना उतरतानाचे त्यांचे आवाज ऐकू येत राहिले. त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी चौकशी करायला हवी होती.

पातेलं जवळजवळ भरलेलं होतं. शिपायानं थोडं डब्यात भरून घेतलं. भांडी बहिणीनं स्वतः घासली.

डोंबिवलीला उतरून घराकडे चालताना ती म्हणाली, "दादा, आज मीठ कमी पडलं होतं."

"नाही गं."

"पडलं होतं. म्हणजे इतकी वर्षं कमीच पडत असणार. तू कधी बोलला नाहीस."

"बरोबर असतं," मी म्हटलं. ते कमीच असायचं. मी वरून घेत असे.

तीन दिवसांनी बातमी घरी पोचली. त्या बायकांपैकी कोणाची तरी नणंद आमच्या मागच्या आळीत राहायची. मी संध्याकाळी आलो तेव्हा आई ओट्याशी उभी होती आणि बहीण आतल्या खोलीच्या दारात.

"माझं वय किती होतं ठाऊक आहे तुम्हाला?" आई म्हणाली. तिनं मला बूटही काढू दिले नाहीत. "तीस. मला वास येत नव्हता? मला भूक नव्हती? तुम्हा दोघांना निवडून भरवत होते मी. बोटं मासळीत आणि तोंडात ताकभात. एक दिवस, एक कण मी तोंडाला लावला नाही. ते काय वेडी होते म्हणून?"

बहीण म्हणाली, "आई, त्या बाईचं मूल..."

"जगात मुलं काय कमी आहेत आजारी?" आईचा आवाज फाटला. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू? तू होतास ना तिथे? बघत राहिलास?"

मी म्हटलं, "मी खाली होतो. शिपायाबरोबर सामान उतरवत होतो. मला नंतर कळलं."

मी बहिणीकडे पाहिलं नाही. पण तिचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "हो, दादा खाली होता."

आईनं त्यानंतर बरेच महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. घागर बहीण भरून आणायची आणि आई स्वतःची वेगळी भरायची. बहिणीनं नोकरी सोडली. साहेबांना मी घडलेलं सांगितलं, माझा भाग वगळून. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "चूक आपलीच. सवाष्ण बाई घ्यायला हवी होती." पुढच्या अहवालात तशी शिफारस गेली. ती मीच लिहिली.

पुढची दोन वर्षं घरात कोणी कोणाशी गरजेपलीकडे बोललं नाही. रविवारी मासे व्हायचे. आता आई करायची. बहीण त्या वेळी मागच्या पायरीवर जाऊन बसायची. तिला खोकला कधी सुरू झाला हे आमच्यापैकी कोणाला नक्की सांगता आलं नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि क्षय सांगितला. इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, "औषधापेक्षा खाणं महत्त्वाचं. अंगात काही राहिलेलं नाही. दूध, अंडी, मासे, जे पोटात जाईल ते." आई शेजारीच उभी होती.

मी ऑफिसातून शार्कच्या तेलाची बाटली आणली. बहिणीनं बूच काढलं, वास घेतला. "हे कशाचं आहे, दादा?" मी सांगितलं. तिनं बूच लावून बाटली फळीवर ठेवली. रागानं नाही. एखादी वस्तू आपली नसली की जागेवर ठेवतात तशी.

आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी, रविवार नव्हता, आई मला म्हणाली, "मुशी आण. ताजी बघून आण."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बघतोस काय? जा ना."

मी चेंदणीला गेलो. म्हातारीनं विचारलं, "बाय बरी हाय का?" मी नाही म्हटलं. तिनं टोपलीत तळाशी ठेवलेली लहान मुशी काढून दिली.

त्या दिवशी आईनं खिडक्या लावल्या नाहीत. दार उघडं ठेवून तिनं वाटण भाजलं. मालक पायरीपर्यंत आले. आईनं कढईवरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते तसेच परत गेले. मग एका वाटीत नुसता पातळ रस्सा आणि मऊ तुकडे घेऊन ती बहिणीच्या अंथरुणाशी बसली.

"घे, बाय," ती म्हणाली. "तुला आवडते ना. घे. मी सांगते आहे."

बहिणीनं वाटीकडे पाहिलं आणि तोंड बाजूला केलं. आईला वाटलं ती रागावली आहे. आईनं तिच्या पायाला हात लावला. "माझं चुकलं म्हण हवं तर. पण खा."

"तसं नाही, आई." ती उठून बसायचा प्रयत्न करत होती. "मी खरंच सांगते. मला वास सहन होत नाही."

"अगं, तुला आवडायची."

"आवडायची. आता पोटात ढवळतं. मी काय करू?"

आईसाठी म्हणून तिनं एक चमचा घेतला. तो लगेच उलटून पडला.

लोकांना मासे कसे खायला लावायचे यावर माझं सगळं काम होतं. वास जायला आलं-लसूण लावावं, लिंबू पिळून ठेवावं, हळद-मिठात मुरवून पाणी काढून टाकावं, कणकेत मिसळून धिरडं करावं, कळू न देता वरणात घालावं. ही पत्रकं मीच लिहिली होती. महिनाभर मी आणि आईनं त्यातलं सगळं करून पाहिलं. सुकटीची पूड करून भाकरीत मळली, ती तिला पहिल्या घासाला कळली. आई म्हणाली, निदान माझ्यासमोर तरी थुंकू नकोस. मग दुसऱ्या खोलीत जाऊन रडली. बहीण तिची समजूत काढायची. म्हणायची, "आई, मी मुद्दाम करत नाही गं." ते खरं होतं. इतकी वर्षं तिनं स्वतःला जे शिकवलं होतं ते तिच्या शरीरानंही शिकून घेतलं होतं, आणि आता ते विसरायला तिच्यात ताकद उरली नव्हती.

दसऱ्यानंतर ती गेली. तीस वर्षांचीही नव्हती.

पुढच्या वर्षी आमचा विभाग बंद झाला. साहेबांची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी मला शेवटचा एक टिपणवजा लेख लिहायला सांगितला होता: मासे खाण्यास उत्तेजन देण्याचे उपाय. मी चार दिवस कागद घेऊन बसलो आणि कोरा परत दिला. त्यांनी कारण विचारलं नाही. मला आवक-जावक टेबलावर बसवलं गेलं आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होतो. पुढे बर्फाचे कारखाने निघाले, बाजार वाढले, लोक आपापल्या कारणांनी मासे खायला लागले किंवा सोडून बसले. आमच्या पत्रकांचा त्यात काही हात असेल असं मला वाटत नाही.

बहीण गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी एकदा आई भाजी निवडत बसली होती. माझं तोवर लग्न झालं होतं. बायको माहेरी गेली होती, घरात आम्ही दोघंच. आईनं मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी कल्याणला तिनं किती खाल्लं होतं रे?"

मी म्हणू शकलो असतो, मला काय माहीत, मी खाली होतो. पण तिनं मला ते विचारलं, म्हणजे तिला तेव्हापासूनच माहीत होतं.

"दोन तुकडे," मी म्हटलं.

"दोनच?"

"हो."

आईनं मेथीची एक जुडी संपवली, दुसरी सोडली. "पोटभर तरी खायची होती," ती म्हणाली.

आम्ही ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. आई आणखी दहा-बारा वर्षं जगली. रविवारी माझी बायको मासे करायला बसली की आई उठून बाहेर जायची आणि भांडी घासून होईपर्यंत शेजारच्या ओट्यावर बसून राहायची. मी मासे सोडले नाहीत. सोडायला हवे होते, असं बायकोनं एकदा सगळं ऐकल्यावर म्हटलं होतं. मी प्रयत्न करून पाहिला, पंधरा दिवस. पुढच्या रविवारी तिनं सुरमई आणली होती, आणि मी नेहमीसारखा पानावर बसलो, वरून मीठ मागितलं आणि जेवलो.